‘डॉक्टरांचा स्वभावच तसा’ हे उत्तर यापुढे नको : महाराष्ट्र वैद्यक परिषदेला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई

सविनय नमस्कार.

चुकीच्या औषधाची किंवा बिघडलेल्या शस्त्रक्रियेची तक्रार आली की तिच्यासोबत कागद असतात. केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. वागणुकीच्या तक्रारीसोबत काहीच नसते. ‘सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले’, ‘पडदा न ओढता तपासले’, ‘काय कापणार ते सांगितलेच नाही’, अशी तोंडी वाक्ये असतात, आणि त्यांवर ठरलेले उत्तर मिळते : डॉक्टर हाताला चांगले आहेत, स्वभाव जरा तापट आहे. तक्रार तिथेच मिटवली जाते. आमचे म्हणणे असे की या गोष्टी स्वभावाच्या नाहीत. त्या कामाच्या पद्धतीच्या आहेत. पडदा होता का, तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी हजर होती का, संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत होते का, कागद मागितल्यावर किती तासांत दिले, हे सगळे तपासता येते, नोंदवता येते आणि त्यावर कारवाईही करता येते. परिषदेने ते करावे यासाठी हे पत्र.

नियम नवे लागत नाहीत. व्यावसायिक वर्तन, शिष्टाचार आणि नीतिमत्तेचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम अधिसूचित केले आणि त्याच महिन्यात स्थगित केले, त्यामुळे जुनेच पुन्हा चालू झाले. त्यांत रुग्णाशी संयमाने आणि हळुवारपणे वागणे, गुपिते राखणे, एकदा हाती घेतलेल्या रुग्णाकडे दुर्लक्ष न करणे, फी आधी सांगणे, मागितल्यावर ७२ तासांत कागद देणे हे सगळे आहे. नाही ते एवढेच, की हे प्रत्यक्ष वॉर्डात म्हणजे नेमके काय करायचे, हे कुठेही सोप्या मराठीत लिहिलेले नाही.

सुरुवात हाकेपासून करतो. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत जे अंतर आहे, ते रुग्णालयात फार बोचते. इस्त्रीचे कपडे घालून आलेला माणूस ‘तुम्ही’ असतो. मळक्या लुगड्यातली साठ वर्षांची बाई ‘ए मावशी, चढ वर’ असते. भरती झाल्यावर तिचे नावही जाते आणि ती ‘सात नंबरचा हर्निया’ होते. नाव न घेण्याचा तोटा अपमानापुरता नाही. औषध देताना, रक्त चढवताना, शस्त्रक्रियेला नेताना रुग्णाची ओळख पटवायची ती त्याच्या तोंडून पूर्ण नाव वदवून घेऊनच, खाट क्रमांकावरून नव्हे. खाटा बदलतात. म्हणजे नावाने आणि अहो-जाहो करून बोलणे हा सुरक्षिततेचाही भाग आहे.

वेळ नाही, हे कारण खरे आहे. सकाळी नऊ ते एक या चार तासांत एका डॉक्टरापुढे दीडशे केसपेपर आले, तर एका रुग्णाच्या वाट्याला ९६ सेकंद येतात. एवढ्या वेळात सगळे नीट होणार नाही हे आम्हाला कळते. पण त्या ९६ सेकंदांतही पुढचे दोघे टेबलाला खेटून उभे असतात आणि पहिल्याची लघवीची तक्रार, पांढरे जाणे, दारू, सगळे ऐकत असतात. टेबलापासून सहा-सात फुटांवर जमिनीवर एक पट्टी मारली आणि तिथे एक मावशी किंवा मामा उभे केले, तर यातले बरेच थांबते. खर्च एका रंगाच्या डब्याचा. दुसरी गोष्ट, ‘काय होतंय?’ विचारल्यावर रुग्णाला पहिले उत्तर पूर्ण करू देणे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी अकराव्या सेकंदाला मध्येच बोलतात असे आढळले होते. आपल्याकडे रुग्ण मुख्य त्रास बहुधा शेवटी सांगतो, कारण आधी तो लाजत असतो. मध्ये तोडले की तो त्रास सांगायचा राहतोच आणि रुग्ण गुडघेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी जातो.

आता शारीरिक तपासणीबद्दल. सर्वांत जास्त दुखावणारे वर्तन इथेच घडते आणि सर्वांत कमी तक्रारीही इथल्याच असतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची जी १७ कलमी सनद तयार केली, तिच्यात पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची तपासणी करत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. प्रत्यक्षात ‘दुसरी स्त्री’ म्हणजे रुग्णाच्या सासूला आत बोलावतात आणि काम झाले असे समजतात. हे चुकीचे आहे. सासूला तपासणी योग्य रीतीने चालली आहे की नाही हे कळत नाही, आणि तिच्यासमोर सून आधीच्या गर्भपाताबद्दल किंवा नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलणार नाही. हजर राहणारी व्यक्ती प्रशिक्षित कर्मचारीच हवी. नातेवाईक हवा की नको हे रुग्णाने ठरवावे, आणि ते तिला एकटीला विचारावे.

स्तनांची किंवा आतून तपासणी करायची तर आधी कपडे चढलेले असतानाच सांगायचे : काय तपासणार, का, किती वेळ, दुखेल का. ‘नको’ म्हणता येते हेही सांगायचे. लघवी करून यायला सांगायचे. कपडे काढायला आडोसा आणि अंगावर घ्यायला चादर द्यायची. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा करायचा. हातमोजे घालायचे, हात लावण्याआधी ‘आता हात लावतोय’ म्हणायचे, ‘थांबा’ म्हटले की थांबायचे. तपासून झाल्यावर तिला कपडे नीट करून बसू द्यायचे आणि मगच निदान सांगायचे, कारण उघड्या अंगाने पडलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. शेवटी केसपेपरवर एक ओळ : हजर असलेल्या सिस्टरचे नाव आणि वेळ. ही ओळ रुग्णाचे रक्षण करते आणि खोट्या आरोपापासून डॉक्टरचेही. पुरुष रुग्णाच्या हर्नियाच्या, अंडकोषाच्या, गुदद्वाराच्या तपासणीलाही हेच लागू व्हावे. पुरुषाला लाज नसते असे गृहीत धरून पडदा न ओढणारे दवाखाने आजही कमी नाहीत.

प्रसूतिकक्षाबद्दल वेगळे लिहावे लागते. कळा देणाऱ्या बाईला ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस’ हे वाक्य ऐकवणे, मांडीवर चापट मारणे, शेजारच्या टेबलावरच्या बाईपासून आडोसा नसणे, हे आपल्या राज्यातल्या प्रसूतिकक्षांत काम केलेल्या कुणालाही नवे नाही. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रसूतिकक्ष सुधारण्याचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला. त्यात सन्मानाने प्रसूती, आडोसा आणि सोबतीला बाळंतिणीच्या पसंतीची स्त्री या गोष्टी अपेक्षित आहेत. त्याच कक्षात शिकणाऱ्यांची रांग असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे जोखीम नसलेल्या प्रसूतीत कळा जोरात सुरू झाल्यावर दर चार तासांनी आतून तपासणी पुरते. हाऊसमनने म्हणजे नव्या निवासी डॉक्टरने, मग रजिस्ट्रारने म्हणजे त्याच्या वरच्या निवासी डॉक्टरने, मग दोन विद्यार्थ्यांनी तासाभरात तपासले तर त्या बाईला वेदना होतात, अपमान होतो आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. कुणी तपासायचे हे पाळीच्या सुरुवातीलाच ठरवावे, प्रत्येक तपासणीची वेळ आणि तपासणाऱ्याचे नाव पार्टोग्राफवर (प्रसूतीच्या प्रगतीच्या नोंदतक्त्यावर) लिहावे. शिकण्यासाठी तपासायचे तर तिची परवानगी घ्यावी. भूल दिलेल्या बाईची केवळ शिकण्यासाठी आतून तपासणी करायची असेल, तर आदल्या दिवशी घेतलेल्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय ती होऊच नये. हे परिषदेने एका ओळीच्या परिपत्रकाने सांगता येण्यासारखे आहे.

बलात्कारपीडितेच्या तथाकथित ‘दोन बोटांच्या चाचणी’बद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगितलेच आहे, की ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल. तपासणी-अर्जांच्या जुन्या छापील नमुन्यांत त्याचे रकाने कुठे उरले आहेत का, हे एकदा पाहायला हवे. छापील रकाना भरणे हे हाताला लागलेले वळण असते.

संमतीपत्राची स्थिती याहून वाईट आहे. भरतीच्या खिडकीवरच, आजार अजून ठरायचा असताना, पाच-सहा कोऱ्या छापील कागदांवर सह्या घेतल्या जातात. कागद इंग्रजीत. शस्त्रक्रियेचे नाव नंतर भरतात, साक्षीदार म्हणून त्या वेळी हजर नसलेल्या सिस्टरची सही घेतात. हा कागद न्यायालयात टिकत नाही आणि रुग्णालाही त्यातून काही कळलेले नसते, म्हणजे तो कुणाच्याच उपयोगाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात हे फार स्वच्छ मांडले आहे. त्या प्रकरणात दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी भूल दिलेल्या रुग्णाचे गर्भाशय तिच्या आईच्या होकारावर काढले गेले होते. न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. रुग्ण प्रौढ आणि सक्षम असेल, तर केवळ बेशुद्ध आहे म्हणून दुसऱ्याचा होकार चालत नाही. जीव वाचवायला तातडीने करावेच लागले तर गोष्ट वेगळी. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, ठळक धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, एवढे सांगितले पाहिजे. लाखात एखाद्याला होणारा दुर्मीळ धोका सांगितलाच पाहिजे, असे न्यायालय म्हणत नाही. म्हणजे मागणी अवाजवी नाही. आमच्या अंदाजाने यासाठी दहा मिनिटे लागतात.

ती दहा मिनिटे कुणी द्यायची, हा खरा प्रश्न. आज संमती घ्यायला इंटर्नला पाठवतात. त्याने ती शस्त्रक्रिया पाहिलेलीही नसते, त्यामुळे रुग्णाने ‘पिशवी काढल्यावर काय होईल?’ विचारले की तो ‘काही होत नाही’ म्हणतो. जो शस्त्रक्रिया करणार आहे त्याने, किंवा ती स्वतः करू शकणाऱ्या डॉक्टरनेच, सांगावे. सांगून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये, सगळे मान डोलावतात. ‘घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगा’ असे विचारावे. कुठे चुकले ते लगेच दिसते. कागद मराठीत हवा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, नंदुरबारमध्ये भिली बोलणारा रुग्ण असेल, तर दुभाषा हवा आणि त्याचे नाव कागदावर हवे. इथे एक खाचखळगा आहे. दुभाषा म्हणून बहुधा आशाताईंनाच उभे करतात, आणि त्या त्याच गावच्या असतात. लैंगिक आजार, गर्भपात, क्षयरोग अशा बाबतींत गावातलीच व्यक्ती मध्ये आली की रुग्ण गप्प बसतो. अशा वेळी दुसऱ्या गावची व्यक्ती बोलवावी किंवा फोनवरून भाषांतर करून घ्यावे.

नवऱ्याची सही हा आणखी एक हट्ट. वैद्यकीय गर्भपात कायद्याप्रमाणे प्रौढ, मनोरुग्ण नसलेल्या स्त्रीची एकटीची संमती पुरेशी आहे. तरीही ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून तिला परत पाठवतात. त्यात आठवडे जातात आणि गोळ्यांनी झाले असते त्याला शस्त्रक्रिया लागते, किंवा ती गावठी उपायांकडे वळते. २००२ च्या विनियमांतील ७.१६ या कलमाची शब्दरचनाही संदिग्ध आहे : पती किंवा पत्नी, अज्ञान असल्यास पालक, किंवा रुग्ण स्वतः, असे ते एकत्र मांडते. त्याचा आधार घेऊन प्रौढ बाईची सही दुय्यम ठरवतात. ‘प्रौढ आणि सक्षम रुग्णाची स्वतःची सही, इतर कुणाची नाही’ असा खुलासा परिषदेने काढावा. आमच्या मागण्यांत ही सर्वांत सोपी आहे आणि तिचा फायदा सर्वांत जास्त बायकांना होईल.

गुप्ततेबद्दल. एचआयव्ही कायदा २०१७ चा, तो लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि निष्कर्ष उघड करायचा नाही, असे तो सांगतो. तरी शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत ही चाचणी न सांगता उरकतात आणि फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने खूण करतात. कारण विचारले तर ‘स्टाफच्या सुरक्षेसाठी’. सुरक्षेचे उत्तर लाल शाई नाही. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे धरून हातमोजे घालायचे आणि सुया हाताळायच्या, कारण संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणी निगेटिव्हच येते. खुणेच्या भरवशावर राहणारा कर्मचारी खूण नसलेल्या फाईलकडून फसतो. गर्भपाताच्या बाबतीत तर स्त्रीचे नाव उघड केल्यास २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. नोंदवही रिसेप्शनच्या टेबलावर उघडी पडलेली असते, याची आठवण करून द्यावीशी वाटते.

मोबाइलने यात भर घातली आहे. एक्स-रे आणि सीटीच्या फिल्मच्या कोपऱ्यात नाव, वय, नोंदणी क्रमांक छापलेला असतो. सल्ला विचारण्यासाठी काढलेला फोटो तसाच वीस-पंचवीस जणांच्या गटात जातो, प्रत्येकाच्या फोनमध्ये आपोआप साठवला जातो आणि घरच्यांच्या हातात पडतो. ओळख पटेल अशा रीतीने छायाचित्र प्रसिद्ध करायला २००२ च्या विनियमांतील ७.१७ कलमानुसार परवानगी लागते. शस्त्रक्रियागृहातल्या रीलमध्ये चेहरा दिसत नसला तरी गोंदण, तारीख, गावाचे नाव दिसते, आणि गाव ओळखते. फोटोसाठी शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रापेक्षा वेगळी संमती, कोपरा कापूनच पाठवणे आणि काम झाल्यावर पुसणे, एवढा नियम लिहून द्या. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक (टेलिमेडिसिन) मार्गदर्शक सूचनांतही रुग्णाच्या चित्रांचा गैरवापर हे गैरवर्तन मानले आहे.

रुग्णाशी खासगी जवळीक, रात्रीचे मेसेज, ‘एकटीच ये’ म्हणून बोलावणे यांविषयी विनियमात एक कलम आहे, ७.४, पण त्याची भाषा जुन्या व्यभिचाराच्या कल्पनेत अडकलेली आहे. प्रश्न कुणाच्या संसाराचा नाही. ज्याच्या हातात आपले दुखणे आहे त्याला ‘नाही’ म्हणणे अवघड असते, मनोविकाराच्या रुग्णाला तर फारच. म्हणून ‘तिची संमती होती’ हा बचाव अशा प्रकरणात ग्राह्य धरू नये, असे परिषदेने जाहीर करावे.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात. ‘अमुक लॅबमध्येच करा, दुसरीकडचे रिपोर्ट मी बघत नाही’ हे वाक्य म्हणजे कट प्रॅक्टिसचा, रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कमिशन घेण्याचा, उघड पुरावा. विनियमांच्या ६.४ कलमाने कमिशन निषिद्ध आहे. राज्यात २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला, कायदा झाला नाही. चिठ्ठीवर लॅबचे नाव छापलेले असणे एवढ्यावरूनही खुलासा मागवता येईल.

हे सारे लिहिताना निवासी डॉक्टरांकडे डोळेझाक करता येत नाही. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग काम साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. तीस-छत्तीस तास जागा असलेला माणूस खेकसतो. प्राध्यापक राऊंडला सर्वांदेखत रजिस्ट्रारला बोलतात, रजिस्ट्रार हाऊसमनला, हाऊसमन सिस्टरला, सिस्टर मावशीला, आणि मावशी रुग्णाला. ही उतरंड वरून सुरू होते, म्हणून फक्त खालच्या पायरीवर कारवाई करून काही साधणार नाही. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला संवाद आणि नीतिमत्तेचे ‘एटकॉम’ शिकवतात. वर्गात विद्यार्थी ‘नमस्कार, मी अमुक’ शिकतो आणि वॉर्डात सर ‘ए, उठ’ म्हणताना बघतो. तो काय उचलणार हे उघड आहे. नोंदणी नूतनीकरणाला दर पाच वर्षांनी सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण लागतात. त्यांतले काही गुण संवादाच्या अशा सत्रांसाठी राखावेत जिथे डॉक्टर प्रत्यक्ष बोलून दाखवतो आणि त्याला दुरुस्त केले जाते. भाषण ऐकून मिळालेला गुण त्यात धरू नये. वरिष्ठांना यातून सूट नको.

आता तक्रारीची वाट. कागद मागितल्यावर ‘फाईल सील आहे’, ‘बिल बाकी आहे’, ‘साहेब रजेवर आहेत’ ही उत्तरे नेहमीची. ७२ तास मोजायचे तर अर्जाची पोच हवी, आणि पोचच देत नाहीत. पोच नाकारणे हेच गैरवर्तन धरावे, म्हणजे ती पळवाट बंद होईल. भरती रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात, तेव्हा तक्रार उशिरा आली तर परिषदेने पहिल्याच दिवशी रुग्णालयाला ‘कागद नष्ट करू नका’ असे पत्र पाठवावे. विनियमाप्रमाणे निर्णय सहा महिन्यांत व्हायला हवा. किती तक्रारी आल्या, किती सहा महिन्यांत संपल्या, किती त्यापुढे गेल्या, त्यांत वागणुकीच्या किती, हे आकडे दर तिमाहीला संकेतस्थळावर मराठीत टाका, नावे नकोत. सिरोंच्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला सुनावणीसाठी मुंबईची फेरी पडू नये. जिल्हा रुग्णालयात दूरचित्रसंवादाची सोय असते, ती वापरता येईल. शारीरिक तपासणीबाबतच्या तक्रारीची सुनावणी घेणाऱ्यांत किमान एक स्त्री असावी आणि तक्रारदार स्त्रीला त्या डॉक्टरच्या समोर बसवू नये.

आणखी एक. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात, कलम ३० मध्ये, राज्य परिषदेच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद फक्त डॉक्टरसाठी आहे. रुग्णाची तक्रार फेटाळली तर त्याला आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क हे कलम देत नाही. हे बदलणे तुमच्या हातात नाही, शिफारस करणे आहे. तोवर तक्रार फेटाळताना कारणे लिहिलेला मराठी आदेश प्रत्येक तक्रारदाराला द्यावा, म्हणजे त्याला निदान उच्च न्यायालयात काय घेऊन जायचे ते कळेल.

या पत्रातल्या तपासणी आणि संमती या दोन विषयांवर परिषदेला मराठी नमुने तयार करायचे असतील, तर त्यांचे मसुदे करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले विश्वासू,
सरकारी व खासगी रुग्णालयांत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक

प्रत : राज्यातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता